जर-तरची किंमत: फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये निर्णय कसे लिहिले जातात

सी, जावा किंवा पायथन शिकून प्रोग्रॅमिंगमध्ये रुळलेला माणूस हास्केलसारखी फंक्शनल भाषा पहिल्यांदा उघडतो, तेव्हा त्याच्या हाताखालची नेहमीची अवजारे एकेक करून नाहीशी झालेली असतात. 'इफ' (जर) लिहून 'एल्स' (नाहीतर) लिहिला नाही तर कंपायलर, म्हणजे लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, तो स्वीकारतच नाही, तेच काम पुनःपुन्हा करवणारे, म्हणजे लूप चालवणारे, 'फॉर' आणि 'व्हाइल' हे शब्द भाषेत सापडत नाहीत, आणि 'रिटर्न' नावाचे जे काही तिथे आहे ते फंक्शनच्या (एखादे काम करणाऱ्या, नाव दिलेल्या तुकड्याच्या) मधूनच बाहेर पडण्याच्या कामाचे नाही. पूर्वी हा प्रश्न विद्यापीठांतील मोजक्या अभ्यासकांपुरता होता. आता तसे राहिलेले नाही. गूगलने २०१९ मध्ये अँड्रॉइडसाठी कॉटलिन या भाषेला पहिली पसंती जाहीर केली, रस्ट ही भाषा २०२२ च्या अखेरीस लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात शिरली, आणि या दोन्ही भाषांनी 'इफ'ची फंक्शनल समज उचललेली आहे. त्यामुळे ज्याने हास्केलचे नावही ऐकलेले नाही अशा प्रोग्रॅमरलाही आज तिच्याशी गाठ घालावी लागते.

ही समज एका वाक्यात सांगता येते: या शैलीत 'जर-तर' हा आधी रस्त्याचा फाटा नसून किंमत काढण्याची एक रीत असते. 'एल्स'ची सक्ती, लूपचा अभाव, मधूनच बाहेर पडण्याची वेगळी पद्धत या सगळ्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी तिच्यातूनच निघतात.

आज्ञा आणि राशी

प्रोग्रॅममधील मजकुराचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार 'स्टेटमेंट', म्हणजे आज्ञा: ही किंमत या व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) ठेव, हा मजकूर पडद्यावर छाप, त्या ओळीवर जा. आज्ञा पाळली की यंत्राच्या स्थितीत काहीतरी बदल होतो, पण आज्ञेला स्वतःची अशी किंमत नसते. दुसरा प्रकार 'एक्स्प्रेशन', म्हणजे शाळेच्या बीजगणितातील राशी: ३ × ४ + ५ ही राशी आहे आणि तिची किंमत १७ आहे. राशीची किंमत काढता येते आणि ती राशी दुसऱ्या मोठ्या राशीत जशीच्या तशी बसवता येते. पुढे या लेखात आज्ञा आणि राशी हेच दोन शब्द वापरले आहेत.

आज्ञांनी बनलेल्या प्रोग्रॅममध्ये कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने पाळायची हे ठरवावे लागते, आणि त्या क्रमालाच 'कंट्रोल फ्लो' म्हणतात. तेथे 'इफ'चे काम वाहतूक वळवण्याचे असते. अट खरी असेल तर या आज्ञांकडे, नसेल तर त्या आज्ञांकडे. राशींनी बनलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र क्रम हा बहुतांशी गरजेतून ठरतो. ३ × ४ + ५ मध्ये गुणाकार आधी होतो तो कोणी 'आधी गुणाकार कर' अशी आज्ञा दिली म्हणून होत नाही. बेरजेला त्या गुणाकाराची किंमत लागते म्हणून होतो.

गणिताने तर जर-तर फार पूर्वीपासून राशी म्हणूनच वापरला आहे. क्ष या संख्येचे केवल मूल्य सांगताना पुस्तकात महिरपी कंस काढून लिहितात की क्ष शून्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तर क्ष, अन्यथा −क्ष. येथे कोणी कोठे जात नाही. दोन शक्यता आहेत, प्रत्येकीपुढे एक किंमत आहे, आणि दोहोंपैकी एक लागू पडते.

एसटीचे तिकीट

एक ओळखीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात एसटीच्या प्रवासात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासाची सवलत आहे, ६५ ते ७५ या वयोगटाला निम्मे भाडे आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे आहे. लहान मुले, विद्यार्थी आणि इतर सवलती सोयीसाठी बाजूला ठेवू. आज्ञांच्या शैलीत हा नियम असा लिहिला जाईल:

जर वय ≥ ७५ असेल तर: भाडे मध्ये ० ठेव
नाहीतर, जर वय ≥ ६५ असेल तर: भाडे मध्ये पूर्ण ÷ २ ठेव
नाहीतर, जर महिला असेल तर: भाडे मध्ये पूर्ण ÷ २ ठेव
नाहीतर: भाडे मध्ये पूर्ण ठेव

आणि राशीच्या शैलीत असा:

भाडे = जर वय ≥ ७५ तर ०
नाहीतर जर वय ≥ ६५ तर पूर्ण ÷ २
नाहीतर जर महिला तर पूर्ण ÷ २
नाहीतर पूर्ण

वरवर पाहता फरक टंकलेखनाचा वाटतो, पण पहिल्या रूपातील शेवटची ओळ लिहायची राहून गेली तर काय होईल याचा विचार करावा. चाळीस वर्षांच्या पुरुष प्रवाशासाठी तिन्ही अटींपैकी एकही लागू पडणार नाही, आणि 'भाडे' या व्हेरिएबलमध्ये जे काही आधीपासून असेल तेच राहील. हा तुकडा प्रवाशांच्या यादीवर फिरणाऱ्या लूपमध्ये असेल आणि व्हेरिएबल लूपच्या बाहेर जाहीर केलेला असेल, तर त्या माणसाला त्याच्या आधीच्या प्रवाशाचे भाडे लागेल; आधी ऐंशी वर्षांचे आजोबा चढले असतील तर हाही फुकट जाईल. प्रोग्रॅम थांबणार नाही, तक्रारही करणार नाही. अशा चुका महिनोन्‌महिने लपून राहतात, कारण चाचणी घेताना बहुधा प्रवाशांचा असा क्रम कोणाच्या मनात आलेला नसतो.

दुसऱ्या रूपात शेवटची ओळ गाळणे म्हणजे '३ ×' असे लिहून पुढची संख्या न लिहिणे. ती राशी अपुरी आहे आणि तिला किंमत नाही, म्हणून हास्केलचा कंपायलर ती तिथल्या तिथे परत करतो. 'एल्स'च्या सक्तीचे कारण एवढेच आहे.

याच कारणाने दोन्ही शाखांच्या किमती एकाच प्रकारच्या असाव्या लागतात. पहिल्या शाखेने संख्येऐवजी "मोफत" हा शब्द दिला, तर पुढे सर्व प्रवाशांच्या भाड्याची बेरीज करताना त्या शब्दाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. हास्केल, ओकॅमल आणि रस्ट यांसारख्या भाषा प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच प्रकार तपासतात, म्हणून त्या हा प्रश्न आधीच विचारतात. सर्वच फंक्शनल भाषा इतक्या कडक नाहीत. क्लोजर किंवा एलिक्सिरमध्ये 'एल्स' गाळला तर त्या जागी 'निल' ही रिकामी किंमत येते आणि प्रोग्रॅम पुढे जातो. 'इफ' तेथेही राशीच आहे, फक्त तिची एक किंमत न सांगता ठरलेली आहे. एक्सेलच्या 'इफ'चेही तसेच. तेथे तिसरा भाग लिहिला नाही तर अट खोटी ठरल्यावर पेशीत (सेलमध्ये) 'फॉल्स' उमटते. एक्सेलचे नाव येथे पाहून कोणाला आश्चर्य वाटेल, पण पेशीत सूत्र लिहिणारा प्रत्येक हिशेबनीस राशींच्या शैलीतच प्रोग्रॅम लिहीत असतो, आणि त्याला कोणी फंक्शनल प्रोग्रॅमर म्हणत नाही एवढेच.

या शैलीने सगळ्या चुका टळतात असे मात्र नाही. ऐंशी वर्षांच्या आजी वरच्या नियमात पहिल्या अटीतही बसतात आणि तिसऱ्या अटीतही. महिलांची ओळ वर आणि ज्येष्ठांची खाली लिहिली, तर मोफत प्रवासाचा हक्क असलेल्या आजींना निम्मे भाडे द्यावे लागेल, आणि हास्केलचा कंपायलरही त्यावर अवाक्षर काढणार नाही. अटी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली खरी ठरलेली अट जिंकते. क्रम येथेही आहे. तो फक्त एका राशीच्या आत बंदिस्त झाला आहे.

बुद्धिबळातून निघालेली गोष्ट

प्रोग्रॅमिंगमध्ये ही राशी आणण्याचे श्रेय अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्याकडे जाते. १९५७-५८ च्या सुमारास ते एमआयटीत बुद्धिबळातील वैध चाली शोधणारे प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहीत होते. आयबीएमने १९५७ मध्ये ७०४ या संगणकासाठी आणलेल्या फोरट्रानमधील 'इफ' आजच्या 'इफ'सारखा नव्हता. त्याला एक संख्या द्यायची आणि सोबत तीन ओळींचे क्रमांक. संख्या ऋण असेल तर पहिल्या ओळीवर, शून्य असेल तर दुसऱ्या आणि धन असेल तर तिसऱ्या ओळीवर यंत्र उडी मारत असे. म्हणजे तो निव्वळ फाटा होता.

मॅकार्थींना हे अवजड वाटले, म्हणून त्यांनी 'एक्सआयएफ' नावाचे फंक्शन लिहिले. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: एक अट आणि दोन किमती. अट खरी असेल तर पहिली किंमत परत मिळायची, खोटी असेल तर दुसरी. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम त्यामुळे सुटसुटीत झाला, पण हे फंक्शन जपूनच वापरावे लागे, कारण फंक्शनला दिलेल्या सर्व गोष्टींची किंमत ते फंक्शन चालण्याच्या आधीच काढली जात असे. दोनपैकी एकच किंमत हवी असताना दोन्ही काढण्यात वेळ जात होता. या गैरसोयीतून त्यांना हवी ती राशी सुचली: अट आधी तपासायची आणि मग दोहोंपैकी जी शाखा लागू पडेल फक्त तिचीच किंमत काढायची. १९५८ मध्ये सुरू झालेल्या लिस्प या भाषेचा ती पाया झाली, आणि अल्गोल ६० या भाषेतही 'इफ-देन-एल्स' राशी म्हणून आला. ही कल्पना मांडणारा त्यांचा छोटा लेख एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मासिकाने केवळ लांबी कमी म्हणून संपादकांना आलेले पत्र म्हणून छापला, याची खंत त्यांनी पुढे लिस्पच्या इतिहासात नोंदवली आहे. आज जवळजवळ प्रत्येक भाषेत असलेल्या रचनेची ही पहिली बोळवण होती.

दुसऱ्या शाखेला हात न लावणे एवढे महत्त्वाचे का?

'फक्त लागू पडणाऱ्या शाखेचीच किंमत काढायची' हा नियम वेळ वाचवण्यापुरता आहे असे वाटू शकते. प्रत्यक्षात त्याशिवाय फंक्शनल प्रोग्रॅमिंग उभेच राहू शकत नाही. क्रमगुणिताची (३ चे क्रमगुणित म्हणजे ३ × २ × १) व्याख्या पाहावी:

क्रमगुणित(न) = जर न = ० तर १ नाहीतर न × क्रमगुणित(न − १)

येथे फंक्शन स्वतःच्याच व्याख्येत स्वतःला बोलावते. याला रिकर्शन म्हणतात. क्रमगुणित(३) साठी क्रमगुणित(२) लागते, त्यासाठी क्रमगुणित(१), त्यासाठी क्रमगुणित(०), आणि तेथे पहिली शाखा लागू होऊन साखळी थांबते. आता हाच 'जर' मॅकार्थींच्या पहिल्या 'एक्सआयएफ'सारखा असता, म्हणजे दोन्ही शाखांच्या किमती आधी काढणारा असता, तर न = ० असतानाही क्रमगुणित(−१) काढायला यंत्र गेले असते, मग क्रमगुणित(−२) कडे, आणि ते कधीच परतले नसते. थांबण्याची अट लिहिलेली आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायला उशीर झालेला आहे.

म्हणूनच बहुतेक भाषांत 'इफ' हे साधे फंक्शन नसते. त्याला भाषेत खास जागा दिलेली असते. हास्केल येथे वेगळी पडते. ती 'आळशी' भाषा आहे, म्हणजे कोणत्याही राशीची किंमत ती लागेपर्यंत काढतच नाही, आणि फंक्शनला दिलेल्या राशीही तशाच न काढलेल्या पाठवते. त्यामुळे हास्केलमध्ये स्वतःचा 'जर' साध्या फंक्शनच्या रूपात लिहिता येतो आणि तो बरोबर चालतो. इतर भाषांत तेच साधायचे तर प्रत्येक शाखा काहीही न घेणाऱ्या एका फंक्शनमध्ये गुंडाळून द्यावी लागते आणि हवे ते फंक्शन उघडावे लागते.

हा धागा आणखी मागे, गणितज्ञ अलॉन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसपर्यंत जातो. त्या पद्धतीत फंक्शनशिवाय दुसरे काहीच नाही. संख्या नाहीत, खरे-खोटे नाही, 'इफ' तर नाहीच. तेथे खरे आणि खोटे यांचीच फंक्शने बनवतात:

खरे(अ, ब) = अ
खोटे(अ, ब) = ब

'खरे' म्हणजे दोहोंपैकी पहिली निवडणारे फंक्शन, 'खोटे' म्हणजे दुसरी निवडणारे. अटीचे उत्तर स्वतःच निवड करते, वेगळ्या 'इफ'ची गरजच उरत नाही. व्यवहारात असे कोणी लिहीत नाही, पण या दोन ओळी एकदा नीट कळल्या की निर्णय हा किंमतीचाच एक प्रकार आहे ही कल्पना पक्की होते. माझ्या मते या विषयातील सर्वांत देखण्या ओळी त्याच आहेत.

अटींऐवजी आकार

फंक्शनल भाषांत अनुभवी माणसाचा प्रोग्रॅम वाचला तर 'इफ' फारसा दिसतही नाही. त्याची जागा 'पॅटर्न मॅचिंग'ने घेतलेली असते, म्हणजे हातातील माहितीचा आकार पाहून कोणती राशी लागू हे ठरवणे. एडिंबरामध्ये रॉड बर्स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेल्या होप या भाषेने ही शैली रुळवली, आणि रॉबिन मिल्नर यांच्या एमएल या भाषेच्या घराण्यातून ती पुढे पसरली. हास्केलच्या अधिकृत व्याख्येत तर 'इफ' हे पॅटर्न मॅचिंगचेच थोडक्यातील रूप आहे असे सांगितलेले आहे: अटीची किंमत 'खरे' या आकाराची असेल तर ही राशी, 'खोटे' या आकाराची असेल तर ती.

तिकिटाच्या उदाहरणात प्रवासी दोन प्रकारचे आहेत असे समजू. एक साधा प्रवासी, ज्याचे वय आणि लिंग माहीत आहे. दुसरा पासधारक, ज्याच्या पासाची मुदत माहीत आहे.

प्रवासी = साधा(वय, महिला) किंवा पासधारक(मुदत)

भाडे(साधा(वय, महिला)) = वरची जर-तरची राशी
भाडे(पासधारक(मुदत)) = जर मुदत संपली तर पूर्ण नाहीतर ०

येथे दोन गोष्टी एकदम साधल्या आहेत. प्रवाशाचा प्रकार ओळखला गेला, आणि त्या प्रकारासोबत येणारी माहिती त्याच क्षणी हाती आली. साध्या प्रवाशाच्या शाखेत 'मुदत' हा शब्दच उपलब्ध नाही, त्यामुळे नसलेल्या पासाची मुदत चुकून तपासणे शक्य नाही. आज्ञांच्या शैलीत आधी 'हा पासधारक आहे का' असे विचारून मग मुदत काढायची असते, आणि तो प्रश्न विचारायला विसरणे हे फार सोपे असते.

मोठा लाभ दुसरीकडे आहे. उद्या 'शालेय सहल' असा तिसरा प्रकार आला आणि तो वरच्या यादीत जोडला, की प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे प्रवाशांच्या प्रकारावर निर्णय होतो ती प्रत्येक जागा कंपायलर दाखवून देऊ शकतो, कारण तेथे एक शक्यता अनुत्तरित राहिलेली असते. रस्टमध्ये ही त्रुटी मानली जाते आणि प्रोग्रॅम बनतच नाही. ओकॅमल इशारा देते, आणि इशारे चालू ठेवले तर हास्केलही. हजारो ओळींच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये नियम बदलणाऱ्याला या एका सोयीची किंमत पुरेपूर कळते.

लूप नसेल तर तेच काम पुनःपुन्हा कसे करायचे?

'फॉर' आणि 'व्हाइल' हे मुळात व्हेरिएबलची किंमत बदलत राहण्यावर चालतात: मोजणी एकाने वाढव, बेरजेत भर घाल, पुन्हा वर जा. राशींच्या जगात एकदा ठरलेली किंमत बदलत नाही, म्हणून लूपला पकडायला काही उरत नाही. त्याचे काम रिकर्शन करते. प्रवाशांच्या यादीचे एकूण भाडे असे निघेल:

एकूण(यादी, आतापर्यंत) =
जर यादी रिकामी तर आतापर्यंत
नाहीतर एकूण(उरलेली यादी, आतापर्यंत + पहिल्याचे भाडे)

यावर जाणकाराचा आक्षेप ठरलेला आहे. फंक्शन दुसऱ्या फंक्शनला बोलावते तेव्हा परत कोठे यायचे याची नोंद यंत्र 'स्टॅक' नावाच्या जागेत ठेवते; दहा लाख प्रवासी असतील तर दहा लाख नोंदी साचतील आणि जागा संपेल. आक्षेप रास्त आहे, पण वरच्या रचनेला तो लागू पडत नाही. तेथे 'एकूण'ने पुन्हा 'एकूण'ला बोलावल्यानंतर करण्यासारखे काहीच शिल्लक नाही, आलेली किंमत तशीच वर द्यायची आहे. मग परत येण्याची नोंद ठेवायचीच कशाला? अशा शेवटच्या हाकेला 'टेल कॉल' म्हणतात. गाय स्टील यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की नीट लिहिलेला कंपायलर अशी हाक साध्या उडीत बदलू शकतो, आणि मग ती लूपइतकीच स्वस्त पडते. स्कीम या भाषेच्या प्रमाण व्याख्येने तर ती भाषा चालवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला हे बंधनकारक केले आहे.

सर्वत्र हे घडत नाही. कॉटलिनमध्ये त्यासाठी फंक्शनवर खास खूण करावी लागते. पायथनमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली नाही. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २००९ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एक असे की त्यामुळे चूक शोधताना लागणारा हाकांचा माग पुसला जातो. तेथे साधारण एक हजार हाकांच्या खोलीवर प्रोग्रॅम अडवला जातो. म्हणून पायथनमध्ये वरची व्याख्या जशीच्या तशी उतरवणे हा शहाणपणा नाही.

शिवाय फंक्शनल प्रोग्रॅमर रोजच्या कामात स्वतःचे रिकर्शनही क्वचितच लिहितात. यादीतील प्रत्येक घटकाला एकच फंक्शन लावणारे 'मॅप', अटीत बसणारे घटक ठेवणारे 'फिल्टर' आणि सर्व घटक एका किमतीत गोळा करणारे 'फोल्ड' ही तयार फंक्शने बहुतेक लूपची जागा भरून काढतात. 'फॉर' दिसला की आत काय चालले आहे हे वाचूनच कळते. 'फिल्टर' दिसला की यादी लहान होईल किंवा तेवढीच राहील, वाढणार नाही, हे आतले न वाचताच कळते.

मधूनच बाहेर कसे पडायचे?

प्रत्यक्ष कामात पायऱ्या असतात आणि कोणतीही पायरी फसू शकते. ओळखपत्राचा क्रमांक वाचायचा, त्यावरून जन्मतारीख शोधायची, तारखेवरून वय काढायचे, वयावरून भाडे. आज्ञांच्या शैलीत प्रत्येक पायरीनंतर 'मिळाले नाही तर येथूनच परत फीर' असे लिहितात. ते लिहायला विसरले तर 'नल' ही रिकामी किंमत पुढे सरकते आणि भलतीकडेच प्रोग्रॅम कोसळतो. 'नल' ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यूसाठी आणली, आणि २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

फंक्शनल भाषा 'नसणे' हेदेखील किमतीतच मांडतात. जन्मतारीख शोधणारे फंक्शन तारीख देत नाही. ते 'आहे(तारीख)' किंवा 'नाही' या दोन आकारांपैकी एक देते. हास्केलमध्ये याला 'मेबी' म्हणतात, रस्ट व ओकॅमलमध्ये 'ऑप्शन'. अशा पायऱ्या जोडणारे एक फंक्शन असते, आणि त्याचा नियम सोपा आहे: आधीच्या पायरीने 'नाही' दिले तर पुढच्या पायऱ्यांना हात न लावता 'नाही' द्यायचे, 'आहे' दिले तर आतली किंमत काढून पुढच्या पायरीला द्यायची. मधूनच बाहेर पडण्याचा निर्णय प्रत्येक पायरीत पुन्हा लिहावा लागत नाही, तो जोडणीत एकदाच लिहिलेला असतो. कारणही कळायला हवे असेल तर 'नाही'च्या जागी 'चूक(कारण)' ठेवतात. रस्टने या जोडणीसाठी राशीच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह लिहिण्याची सोय २०१६ मध्ये केली. त्या चिन्हाच्या आड खरोखरच लवकर परत फिरणारी उडी आहे, आणि शुद्धतावाद्यांना ते खटकू शकते, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने सौदा चांगला आहे.

पण कधी कधी फक्त काहीतरी करायचेच असते

शेवटचा मोठा आक्षेप असा की सगळेच निर्णय किंमत काढण्यासाठी नसतात. पास संपला असेल तर सूचना छाप, नसेल तर काही करू नकोस. येथे 'एल्स'मध्ये काय लिहायचे?

हास्केलचे उत्तर सुसंगत आहे. तेथे 'छापणे' हीसुद्धा एक किंमत आहे: केव्हातरी पार पाडायच्या कृतीचे वर्णन. 'काहीच न करणे' हेही तसेच एक वर्णन आहे. म्हणून 'जर पास संपला तर छाप(सूचना) नाहीतर काही नाही' ही पुरी राशी होते, दोन्ही शाखा एकाच प्रकारच्या ठरतात, आणि हे वारंवार लागते म्हणून 'व्हेन' नावाचे छोटे फंक्शन आयते दिलेले आहे. ओकॅमल आणि रस्ट यांनी मधला मार्ग काढला आहे. जी शाखा काही उपयोगी किंमत देत नाही, केवळ काम करते, तिच्यापुरता 'एल्स' गाळायला त्या परवानगी देतात.

हास्केलच्या आळशीपणाची मात्र किंमत मोजावी लागते. न काढलेल्या राशी साचत जाऊन स्मृती अनपेक्षितपणे भरणे हा तेथील जुना त्रास आहे, आणि कोणती राशी नेमकी केव्हा काढली जाईल हे सांगणे मुरलेल्यांनाही जड जाते. यंत्राची रजिस्टर (आतील छोट्या साठवण-जागा) जागच्या जागी बदलणारे चालक (ड्रायव्हर) प्रोग्रॅम किंवा प्रचंड संख्यासारण्यांवर चालणारी गणिते यांसाठी बदलते व्हेरिएबल आणि साधा लूपच अधिक सरळ पडतो. शेवटी संगणकाचा प्रक्रियक (प्रोसेसर) तर उड्याच मारतो, प्रोग्रॅम कोणत्याही शैलीत लिहिलेला असो.

जुन्या भाषांनी काय उचलले?

सी भाषेत प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम यांनी लिहिली जाणारी जर-तरची राशी सुरुवातीपासून होती, पण ती आज्ञारूपी 'इफ'च्या जोडीला, धाकट्या भावासारखी. पायथनला अशी राशी २००६ मध्ये, २.५ या आवृत्तीत मिळाली, आणि तिचा क्रमही वेगळा आहे: आधी किंमत, मग अट, मग दुसरी किंमत. कॉटलिनने 'इफ'लाच राशी केल्यामुळे वेगळ्या चिन्हाची गरज ठेवली नाही. जावाने मार्च २०२० मध्ये, चौदाव्या आवृत्तीत, 'स्विच'ला राशीचे रूप दिले आणि त्यासोबत 'ब्रेक' विसरल्यामुळे खालच्या शाखेत घसरण्याची जुनी खोड त्या नव्या रूपापुरती मोडली. सप्टेंबर २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीत आकारावरून निवड करण्याची सोयही आली. पायथनने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'मॅच' आणला, पण तो आज्ञाच राहिला, राशी झाला नाही, आणि सगळ्या शक्यता हाताळल्या आहेत की नाहीत हे भाषा स्वतः तपासत नाही.

ज्याला नवी भाषा शिकायची नाही त्यालाही यातील बराचसा लाभ घेता येतो. प्रोग्रॅममध्ये जेथे 'इफ'च्या प्रत्येक शाखेत एकाच व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवली जाते, तेवढा भाग उचलून त्याचे छोटे फंक्शन करावे आणि प्रत्येक शाखेतून ती किंमत थेट परत द्यावी. जावा किंवा कॉटलिनमध्ये एखादी शाखा राहिली तर कंपायलर तेथेच अडवेल. सी आणि सी++ मध्ये इशारे चालू ठेवले तर कंपायलर बहुतेक वेळा सांगेल. पायथनमध्ये त्या जागी 'नन' येईल, आणि तिकिटाच्या हिशेबात 'नन'ची बेरीज करता येत नसल्यामुळे प्रोग्रॅम आधीच्या प्रवाशाचे भाडे गुपचूप लावण्याऐवजी आवाज करून थांबेल.